डेल्फिन मॅडम आणि शिफारसीची चौकट

डेल्फिन मॅडम दमल्यात, असं आमच्या वाचनालयात कुणी कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. ‘मॅडम किती करतात’ असं म्हणायचे. ‘अशी मुलगी देव सगळ्यांना देवो’ असंही म्हणायचे. पण दमल्यात, असं नाही. दमलेल्या माणसासाठी काहीतरी करावं लागतं. कौतुकाला काय, तोंड हलवलं की झालं.

मी मनोरमा, वसईच्या या वाचनालयात लिपिक. राहायला विरारला. माझं टेबल आणि मॅडमचं टेबल समोरासमोर, इतकी वर्षं, की त्यांच्या चष्म्याच्या फ्रेमा किती बदलल्या ते मी सांगू शकेन. त्या ग्रंथपाल, मूळच्या पाचूबंदरच्या. आई कार्मिन जेट्टीवर मासळी विकायची. लिलावात तिने तोंड उघडलं की भल्याभल्या बोटमालकांनी गप्प बसावं, असा तिचा दरारा. नवरा लवकर गेला. तिने पाट्या वाहून दोन मुलं वाढवली आणि त्यातल्या या शांत मुलीला ग्रंथालयशास्त्र शिकवलं. मुलगा जेम्स बायको-मुलांना घेऊन कुवेतला गेला. मुलीने लग्न केलं नाही. जेम्स दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो आणि त्या वेळी म्हातारी नेमकी साखरेसारखी गोड बोलते. त्यामुळे घरी सगळं झकास चाललंय अशी त्याची पक्की समजूत आहे.

म्हातारी गेली काही वर्षं विसरायला लागली होती. आधी चुलीवरचं दूध, मग वार, मग माणसं. पाचूबंदरला घराला घर लागून, त्यामुळे ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि मॅडमची सेवाही सगळ्यांना ठाऊक होती. गेल्या मातृदिनाला तर फादरांनी प्रवचनात त्यांचं नाव घेतलं. मिस्सा संपल्यावर बायका हात हातात घेऊन घेऊन बोलत होत्या म्हणे. सगळ्यांनी मिळून त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि उतरायला शिडी ठेवायची राहून गेली.

मॅडमचं कसब म्हणजे विषय लावणं. पुस्तक आलं की ते नेमकं कशाबद्दल आहे, आणि ज्याला ते हवंय तो ते कुठे शोधेल, हे ठरवायचं. मी नवी होते तेव्हा त्यांनी मला कार्डांच्या कपाटापुढे उभं करून शिकवलं होतं.

“माणसं कशी बोलतात? वसईत केळी लावायची कशी. आपण तसं लिहायचं नाही, मनोरमा. आधी विषय, केळी. मग त्याची बाजू, लागवड. मग जागा, वसई. माणूस बोलतो उलटं, आपण मांडायचं सुलटं.”

हे सुलटं मांडणं त्यांच्या इतकं अंगात मुरलं होतं की साध्या चिठ्ठ्याही त्या तशाच लिहीत. माझ्या टेबलावर सकाळी कागद सापडायचा: ‘पंखा, आवाज, इलेक्ट्रिशियनला कळवणे.’ एकदा मी रजेवर असताना डब्यावर चिठ्ठी लावून माझ्यासाठी फ्रीजमध्ये ठेवून गेल्या: ‘सांदण, गोड, मनोरमासाठी.’ मी घरी नवऱ्याला दाखवली तर तो म्हणाला, हिच्याशी भांडायचं झालं तर आधी अनुक्रमणिका बघावी लागेल.

गेल्या वर्षी आमच्या विश्वस्त मंडळाचा कार्यवाह हर्षवर्धन याने सूचीसाठी नवी संगणक-प्रणाली आणली. पोरगा हुशार, वाईट नाही, पण दोन मिनिटं बसून ऐकायचं म्हटलं की त्याला दुसरीकडे मीटिंग असते. त्या प्रणालीत एक शिफारसीची चौकट होती. वाचकाने शोधताना ठरावीक शब्द टाइप केला, की निकालांच्या वर रंगीत चौकट उघडायची आणि आपण आधीच ठरवून ठेवलेलं पुस्तक त्यात दिसायचं. कोणत्या शब्दाला काय दाखवायचं, ते आपण भरून ठेवायचं. पुस्तकाऐवजी साधी सूचनाही लिहिता यायची.

“वाचकाला काय हवंय, ते त्याच्याआधी आपल्याला कळलं पाहिजे,” हर्षवर्धन म्हणाला.

मॅडमना ते त्याच्या जन्माआधीपासून कळत होतं. पण त्यांनी नुसती मान डोलावली.

त्याची स्वतःची यादी तयारच होती. कुणी ‘किल्ला’ लिहिलं, मंडळाची स्मरणिका दाखवा. ‘पोर्तुगीज’ लिहिलं, स्मरणिका. ‘मिठागर’ लिहिलं, स्मरणिका. उद्या कुणी ‘मूळव्याध’ लिहिलं तरी स्मरणिकाच उघडायची का, असं मी विचारलं, तेव्हा तो थांबला. आणि अर्थातच, जी बोलते तिच्याच गळ्यात काम पडतं. शब्द भरायचं काम माझ्याकडे आलं.

रोज सकाळी प्रणाली मला आदल्या दिवशीचे फसलेले शोध दाखवायची, म्हणजे ज्यांना काहीच सापडलं नाही असे. नाव नाही, गाव नाही, नुसते शब्द. वाचायचे, समजून घ्यायचे आणि प्रत्येकाला योग्य पुस्तक जोडायचं. मला वाटलं होतं, लोक पुस्तकांची नावं लिहीत असतील. छे. लोक दुखणी लिहितात. ‘टोमॅटोवर पांढरं काहीतरी.’ ‘सोसायटी पार्किंग देत नाही.’ ‘मुलगा कॉमर्स घेतो म्हणतो.’ एकाने तर ‘कंटाळा’ एवढंच लिहिलं होतं, त्याला मी प्रवासवर्णनं जोडली. ‘सून ऐकत नाही’ याला मी वसईकडच्या पाककृतींचं पुस्तक जोडलं. मॅडमनी ते पाहिलं.

“मनोरमा, वाचक, त्यांची चेष्टा, टाळावी,” त्या म्हणाल्या. पण काढायला काही लावलं नाही.

नाताळ होऊन गेल्यावर एका सकाळी त्या फसलेल्या शोधांत एक ओळ आली: ‘आई, वृद्ध, जेवण नाकारणे.’

पुढच्या आठवड्यात दुसरी: ‘आई, वृद्ध, शिवीगाळ.’ मग ‘आई, स्नान, मारहाण.’

आधी विषय, मग बाजू. मला लगेच वाटलं, हे प्लासिड अंकल. पाचूबंदरचेच, निवृत्त, रोज संध्याकाळी कोपऱ्यातल्या संगणकावर बसायचे. मॅडमनी त्यांना पद्धतशीर शोधायला शिकवलं होतं. साऱ्या वसईत मॅडमचा तो एकच शिष्य. म्हटलं, बिचारा या वयात आईचं करतोय आणि कुणाला बोलत नाही. मी वृद्धांच्या शुश्रूषेवरचं आमच्याकडचं एकमेव पुस्तक त्या शब्दांना जोडलं. अंकलना माझ्यातला चहा द्यायला लागले. दोनदा बिस्किटंही दिली. तिसऱ्या दिवशी त्यांनीच मला थांबवलं.

“मनोरमा, काही काम आहे का माझ्याकडं?”

“नाही हो अंकल. आई कशी आहे तुमची, विचारायचं होतं.”

“माझी आई? तिला जाऊन कितीतरी वर्षं झाली. तू मयताला आली होतीस की! पांढरी साडी नेसून.”

आले होते खरी. काय सांगू, विरार ते वसई नोकरी, घर, सासूबाईंचं आजारपण, त्यांच्यानंतर नवऱ्याचं ऑपरेशन, या सगळ्यात माझ्या डोक्याचा असा भुगा झालाय की कोण आहे आणि कोण गेलं याचा हिशेब राहत नाही. मी त्यांची माफी मागितली. बिस्किटं मात्र ते त्या दिवशीही घेऊन गेले.

म्हणजे प्लासिड अंकल नाहीत. मग असं सुलटं मांडून लिहिणारं माणूस वसईत आणखी कोण, हे शोधायला पोलीस लागत नव्हते. ते माझ्या समोरच्या टेबलावर बसून मासिकांवर तारखेचे शिक्के मारत होतं.

आणि मग मला दिसायला लागलं. इतके दिवस समोर असून दिसलं नव्हतं ते. कपाटाला टेकून उभ्या असताना त्यांचे डोळे मिटत होते. मनगटावर नखांच्या जुन्या-नव्या खुणा होत्या आणि मॅडम त्यांवर घड्याळ सरकवून घेत होत्या. दुपारी एकला वाचनालय बंद झालं की त्या जवळजवळ धावत रिक्षा पकडायच्या आणि चारला परत यायच्या त्या केस विंचरायला विसरून. मी आपली समजत होते, वय झालं.

त्यांना माहीत होतं की आमच्याकडे या विषयावर एकच पुस्तक आहे. ते त्यांनीच मागवलं होतं, त्यांनीच नोंदवलं होतं. तरी त्या शोधत होत्या. त्यांना पुस्तक नको होतं. त्यांना कुठेतरी म्हणायचं होतं, आणि माणसांना म्हणता येत नव्हतं, कारण माणसांनी त्यांना आधीच आदर्श करून टाकलं होतं.

फेब्रुवारीत एका सकाळी मी संगणक उघडला. ‘टोमॅटो’, ‘पासपोर्ट हरवला’, आणि त्याखाली ओळ होती:

‘आई, मरण, आपल्यालाच हवंसं वाटणे.’

मला त्या वाक्याचा राग आला नाही, धक्काही बसला नाही, कारण मी ते ओळखत होते. सासूबाई अंथरुणाला होत्या तेव्हा आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हेच मी एकदा नवऱ्यापुढे बोलून गेले होते आणि मग हमसाहमशी रडले होते. ती त्याची आई. त्याने उठून चहा करून आणला. त्या चहाने मी पुढचे महिने काढले. डेल्फिन मॅडमना चहा करून आणणारं कुणी नव्हतं. रात्रंदिवस एकीनेच करायचं, आणि वर हसतमुख राहायचं, असं किती दिवस चालणार होतं? आज नखांच्या खुणा आहेत. उद्या या बाईचाच हात उठला असता, किंवा ही बाईच कोसळली असती.

मी सरळ विचारून पाहिलं. “मॅडम, आई कशा आहेत?”

“बरी आहे. देवाची कृपा.”

“रात्री झोप लागते का त्यांना?”

“लागते की.” आणि शिक्का इतक्या जोरात मारला की पुढच्या पानावर उमटला.

संपलं. त्या माझ्या साहेब. मी त्यांना ‘मॅडम’ म्हणते, त्या मला ‘मनोरमा’. इतक्या वर्षांत मी त्यांच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता, त्या माझ्या घरी एकदाच आल्या होत्या, मुलीच्या साखरपुड्याला. खांद्यावर हात ठेवून ‘रडा हो’ म्हणावं असं आमचं नातं नाही.

पण शब्द भरायचं काम माझ्याकडे होतं. मी चौकट उघडली, वर त्यांचीच ओळ शब्दशः भरली, आणि खाली पुस्तकाऐवजी सूचना लिहिली. त्यांच्याच पद्धतीने लिहिली, म्हणजे कुणी लिहिलंय आणि कुणासाठी, हे सांगायची गरज पडू नये:

‘मनोरमा, दुपारची सुट्टी, मोकळी. शिव्या, कोणत्याही, चालतील.’

आणि घाईघाईत जतन करून टाकलं, कारण त्या पाठीमागून येत होत्या.

घाई नडली. चौकट कधी उघडावी याचे त्यात दोन पर्याय असतात: नेमकी तीच ओळ लिहिली तर, किंवा ओळीतला कुठलाही एक शब्द आला तरी. आपण काही निवडलं नाही तर यंत्र स्वतःच दुसरा निवडतं. माझ्या ओळीतला पहिला शब्द होता ‘आई’. आणि त्याच आठवड्यात शाळांमध्ये निबंधस्पर्धा होती, विषय कोणता, ते सांगायला नको. वसईतली निम्मी पोरं आमच्या संगणकावर आणि आपापल्या मोबाइलवर ‘आई’ शोधत होती आणि प्रत्येकाला रंगीत चौकटीत कळत होतं की मनोरमा मोकळी आहे आणि शिव्या चालतील.

दोन दिवसांनी हर्षवर्धन तणतणत आला. हातात मोबाइल.

“हे काय आहे? एका पालकांनी फोटो पाठवलाय. शिव्या कोणत्याही चालतील? आपल्या वाचनालयाच्या सूचीवर?”

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. माझी अब्रू गेली तर गेली, तिला आता फारसा भाव नाही. पण त्याने ‘कोणत्या शब्दांना जोडलंय बघू’ म्हणून ती ओळ उघडली असती, आणि ती मोठ्याने वाचली असती, तर? समोर वाचक बसले होते, त्यांत त्या दिवशी नेमके सकाळीच आलेले प्लासिड अंकलही होते. पाचूबंदरला ती ओळ पोचायला एक रिक्षा पुरली असती.

“मॅडम, तुम्हीच बघा हे,” तो म्हणाला आणि संगणक त्यांच्याकडे वळवला.

मॅडमनी चष्मा घातला. चौकट वाचली. मग बाजूचं बटण दाबून वरची ओळही वाचली, स्वतःची. त्यांचे कान लाल झाले. वाचायला दोन क्षण लागावेत, त्यांना बराच वेळ लागला.

“ही शिफारस नको तिथे उघडतेय,” त्या शेवटी म्हणाल्या. आवाज नेहमीचाच. “मनोरमाची चूक नाही, यंत्राची रचना तशी आहे. मी दुरुस्त करते.”

“काढूनच टाका,” हर्षवर्धन म्हणाला.

“मी बघते म्हटलं ना.”

त्यांनी कुणाचं वाक्य असं तोडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. तोही चमकला. मग त्याला कुठलीशी मीटिंग आठवली.

मॅडमनी काहीतरी दाबलं, चष्मा काढला आणि मासिकं पुढे ओढली. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्या कपाटाकडे गेल्यावर मी चोरून संगणक उघडला. चौकट तिथेच होती, माझे शब्द जसेच्या तसे. त्यांनी फक्त पर्याय बदलला होता: नेमकी तीच ओळ लिहिली तर. काढून टाकायचं बटण त्याच्या शेजारीच असतं.

एक वाजला. त्यांनी दाराला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली, आणि पायरीवर उभ्या राहून रस्त्याकडे बघत म्हणाल्या, “मनोरमा, चप्पल, घालणे.”

रिक्षाने किल्ल्याच्या भिंतीपासून वळून पाचूबंदरच्या गल्लीत शिरलो. बांबूंवर बोंबील वाळत होते, दोन बायका जाळं सोडवत बसल्या होत्या. “डेल्फिन, आज पावनी आनली वाटतं?” असं एकीने विचारलं. मॅडम नुसत्या हसल्या. घराच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. ते उघडताना त्यांनी मान खाली घातली. मी समुद्राकडे बघत राहिले, जणू कुलूप कधी पाहिलंच नाही.

आत म्हातारी पलंगावर बसली होती. हाडं उरली होती, पण डोळे जेट्टीवरचेच. मला बघताच सुरू झाली. मी कुणाच्या पोटची, माझी चाल कशी, मी कुणाचे बोंबील चोरले, सगळं. चौकटीत मी कबूल केलंच होतं, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती. मॅडम मध्ये पडायला लागल्या.

“मम्मा, असं नाय बोलायचं. त्या माझ्या…”

“मॅडम, तुम्ही बसा,” मी म्हटलं. “पेज कुठेय तेवढं सांगा.”

“स्वयंपाकघरात. गरम करावी लागेल. मी…”

“बसा म्हटलं ना.”

मी पेज गरम करून आणली तोवर त्या भिंतीकडेच्या बाकावर बसल्या बसल्या झोपल्या होत्या. खांद्याची पर्स काढलेली नव्हती, पायातल्या चपलाही तशाच. तोंड थोडं उघडं. इतक्या वर्षांत मी त्यांचा हा चेहरा पाहिला नव्हता. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. बघणारी एकच होती, म्हातारी, आणि मी कोण हे तिला कळणार नव्हतं.

म्हातारीने मला आणखी दोन शिव्या दिल्या. मग तिची नजर बाकाकडे गेली आणि पुढची शिवी अर्ध्यावरच राहिली.

“ती कोन?”

“डेल्फिन.”

“कोनाची पोर?”

मी वाटी हातात धरून उभी राहिले.

“दमलीय बिचारी,” कार्मिन म्हणाली. “इच्या आईला कलत नाय काय?”